मणक्याच्या ऑपरेशननंतरही कंबर दुखतेय, कायरोप्रॅक्टिक करून बघावं का? (सांगली)

विश्रामबाग_सांगली
नमस्कार मंडळी. धागा लांबेल, पण सगळं एकदाच लिहिते.

माझे सासरे, घरात सगळे अण्णा म्हणतात. वय ६४, साखर कारखान्यातून निवृत्त. मधुमेह आहे, गोळ्यांवर. दोन वर्षांपूर्वी एल४-एल५ ला फ्यूजन झालं, म्हणजे कंबरेचा चौथा आणि पाचवा मणका एकमेकांना जोडला. चार स्क्रू, दोन रॉड, मध्ये केज (आधाराचा ठोकळा). मणका पुढे सरकला होता आणि नस दबली होती. उजव्या पायात अशी कळ यायची की कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाताना वाटेत कट्ट्यावर बसायला लागायचं. ऑपरेशननं पाय मोकळा झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण कंबर दुखायची ती दुखतेच. पंगतीत बसणं बंद झालंय, खुर्चीतून उठताना तोंड वाकडं होतं, उजव्या कुशीवर झोपता येत नाही. कुठं दुखतं विचारलं तर कंबरेच्या खाली उजवीकडे खळी असते ना, तिथं नेमकं एक बोट ठेवतात.

ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, "स्क्रू जागेवर आहेत, आता थोडं सहन करायची सवय करा" म्हणाले आणि प्रीगाबॅलिन (नसेच्या दुखण्यावरची गोळी) चालू केली. ती घेतली की अण्णांना गरगरतं. पट्टा सकाळी बांधतात तो रात्री झोपतानाच सुटतो.

आता मूळ मुद्दा. व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय. बाहेरगावाहून एक कायरोप्रॅक्टर (हातानं झटका देऊन मणके, सांधे मोकळे करणारे) दर रविवारी सांगलीत एका हॉटेलच्या हॉलमध्ये कॅम्प घेतात. "ऑपरेशन फेल झालेल्यांनाही १०० टक्के आराम." दहा सिटिंगचं पॅकेज, पैसे आगाऊ. अण्णा रात्री उशिरापर्यंत ते कडाकडा हाडं वाजवायचे रील्स बघत बसतात. म्हणतात, "मलाबी एकदा मोडून घेऊ द्या." नवरा म्हणतो नेऊया, मोठे दीर म्हणतात स्क्रू घातलेल्या कंबरेला हात लावू देणार नाही. घरात रोज हाच विषय. अंगात स्क्रू असताना कुणी हे केलंय का? प्रत्यक्ष अनुभव असेल तर सांगा.

भडंग_विथ_चहा
रील्समधला माणूस उठून नाचतो तिथंच रील संपतं. तो दुसऱ्या दिवशी सकाळी कमोडवरून कसा उठला, हे कुणी टाकत नाही.

आणि १०० टक्के लिहिलंय म्हटल्यावर माझ्यासाठी विषय संपला. पावसाचा अंदाजही कुणी १०० टक्के देत नाही.

पोवई_नाका
ताई, आमच्या साताऱ्याकडं अजून हाडवैद्याकडं जात्यात माणसं. माझं मनगाट लहानपणी त्यांनीच बसवलं, आजतागायत तक्रार न्हाई. डॉक्टर लोकांना ह्या हाताच्या विद्या नकोच असत्यात, कारण मग त्यांचं ऑपरेशन कुणी करायचं? चुलत्याची कंबर धरलीवती, एका झटक्यात मोकळी झाली. माझं म्हणणं, एकदा दाखवून बघायला काय जातंय?

भडंग_विथ_चहा
चुलत्यांच्या कंबरेत स्क्रू होते का पण?

पोवई_नाका
न्हाई. ते मान्य.

वाळवेकर_पुण्यात
माझा अनुभव चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझंही एल५-एस१ (अण्णांच्या एक जोड खाली) फ्यूजन झालंय, साधारण चार वर्षं झाली. वर्षभर ठीक होतो, मग कंबर आखडायला लागली. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायचं काम. पुण्यात एका कायरोप्रॅक्टरकडे गेलो. अमेरिकेत शिकून आलेले. पहिल्या भेटीत त्यांनी पाठीला हातसुद्धा लावला नाही. ऑपरेशनची समरी, एमआरआय, नवा एक्स-रे, सगळं मागितलं. पायाच्या अंगठ्याची ताकद बघितली, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली. मग म्हणाले, "जिथं स्क्रू आहेत तिथं मी झटका देणार नाही." काम केलं ते पाठीच्या मधल्या भागावर आणि खुब्यावर. एक टेबल असतं, त्याचा भाग हलका दाब दिला की अर्धा इंच खाली पडतो, त्याच्यावर. वर रोजचे व्यायाम लावून दिले.

फरक पडला. दुखणं गेलं नाही, पण सकाळचा ताठरपणा निम्म्याहून कमी झाला. आता यात त्यांच्या हाताचा वाटा किती आणि व्यायामाचा किती, हे मला सांगता येणार नाही. पॅकेज वगैरे काही नव्हतं. थोड्याच भेटींनंतर "आता येऊ नका, व्यायाम करा" म्हणाले. म्हणून सरसकट सगळे भोंदू आहेत असं कुणी म्हणू लागलं की मला पटत नाही.

उघडा_डोळे
अनुभवाबद्दल आदर आहे, पण या शास्त्राची सुरुवात कुठून झाली तेही बघा. १८९५ साली अमेरिकेत आयोवामधल्या डेव्हनपोर्टला डी. डी. पामर नावाच्या गृहस्थांनी एका कमी ऐकू येणाऱ्या माणसाची पाठ दाबली आणि त्याला ऐकू यायला लागलं, असा दावा केला. त्यावरून सिद्धांत काय मांडला, तर मणके किंचित सरकल्यामुळे जवळपास सगळेच रोग होतात! हे त्या काळातही टिकणारं नव्हतं आणि आज तर नाहीच.

तो "कडक" आवाज म्हणजे सरकलेला मणका जागेवर बसला, असं सांगतात. तसं काही नसतं. सांध्याच्या पाण्यात एकदम पोकळी तयार होते, तिचा आवाज. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात चालू एमआरआयमध्ये बोटं मोडून ती पोकळी तयार होताना टिपलीय. आपण बोटं मोडतो तेव्हा बोटं कुठं जागेवर बसतात?

वाळवेकर_पुण्यात
पामरसाहेबांचा दावा मीही हसण्यावारी नेतो. पण गाडी १८९५ ला थांबलेली नाही. अमेरिकेत पन्नासही राज्यांत यांना परवाना लागतो, ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्यानं त्यांची परिषद आहे. आणि जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शिका काढली, तिच्यात हाताने मणक्यावर करायचे उपचार पर्याय म्हणून दिलेत. तुम्ही फक्त जन्मकथा सांगताय.

फिजिओ_मिरज
मी मिरजेत फिजिओथेरपी करते. धागा सकाळपासून वाचतेय, ओपीडी संपल्यावर लिहायला बसले.

वाळवेकर, ती मार्गदर्शिका खरी, पण ती ज्या कंबरदुखीसाठी आहे तिला प्रायमरी म्हणतात. म्हणजे जिच्यामागे ठराविक आजार किंवा बिघाड सापडत नाही अशी. अण्णांची कंबर त्या गटात बसत नाही. ऑपरेशननंतर उरलेलं दुखणं हा वेगळाच गट आहे. त्याला वर्षानुवर्षं फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम म्हणायचे, हल्ली पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम टाइप टू असंही लिहितात. त्याच्यावर कायरोप्रॅक्टिकचे जे लेख आहेत ते बहुतेक एकेका किंवा मोजक्या रुग्णांच्या हकिकती. त्यात बऱ्याच जणांना बरं वाटल्याचं लिहिलंय, कुणी नाकारत नाही. पण ज्यांना बरं वाटलं नाही त्यांच्यावर लेख कोण लिहितो? ब्रिटनच्या नाइस या सरकारी आरोग्य संस्थेची २०१६ ची मार्गदर्शिका तर साध्या कंबरदुखीतसुद्धा हाताचा उपचार एकटा देऊ नका, व्यायामासोबतच द्या, असं म्हणते. त्याच कागदात कंबरेचा पट्टाही देऊ नका म्हटलंय. ऑपरेशननंतर सर्जन काही काळ पट्टा देतात ते वेगळं. पण दोन वर्षांनंतर दिवसभर पट्टा म्हणजे स्नायूंना रजा. (हे वाक्य मी रोज कुणाला ना कुणाला ऐकवते.)

आता स्क्रूचं. एल४-एल५ आता एकच हाड झालंय, निदान व्हायला हवं होतं. तिथं झटका देणं म्हणजे वेल्डिंग मारलेलं बिजागर उघडायला जाणं. ते उघडत नाही, सगळा जोर शेजारच्या बिजागरावर जातो. वरचा एल३-एल४ आणि खालचा एल५-एस१ हे सांधे फ्यूजननंतर आधीच जास्त काम करत असतात, काही वर्षांत तेच कुरकुरायला लागतात. आणि हाड जुळलंच नसेल, स्क्रू ढिला पडला असेल, तर झटक्याचं काय होईल ते मला लिहायलाही नको वाटतं. साध्या उभ्या एक्स-रेत ढिलेपणा दर वेळी दिसत नाही. पुढे वाकून आणि मागे वाकून असे दोन एक्स-रे काढतात, शंका राहिली तर सीटी. ६४ वय आहे, हाडांची घनता तपासलीय का? डेक्सामध्ये टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याच्या खाली असेल तर झटक्याचा विषयच सोडा.

ताई, तुमच्या पोस्टमधली एक ओळ मी परत परत वाचली. "खळी असते तिथं नेमकं एक बोट ठेवतात." ज्यांची नस दुखते ते सहसा हात फिरवून दाखवतात, इथून इथपर्यंत म्हणून. एक बोट, त्या खळीजवळ, बसून उठताना कळ, त्या कुशीवर झोपता न येणं, यावरून मला आधी सॅक्रोइलिअॅक सांधा आठवतो. माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड आणि कंबरेचं हाड जिथं भेटतं तो. कंबरेचं फ्यूजन झालेल्यांत हा सांधा दुखायला लागणं अजिबात नवलाचं नाही. वरचे मणके बांधले गेले की हिसके त्याच्या वाट्याला येतात. आणि हे नेहमीच्या एक्स-रेत दिसत नाही, म्हणून "सगळं जागेवर आहे" हे सर्जनचं म्हणणं खरं आणि अण्णांचं दुखणंही खरं, दोन्ही एकाच वेळी.

न तपासता हे निदान म्हणून घेऊ नका. खुबा झिजलेला असू शकतो, तोही असाच फसवतो. ऑपरेशन झालेल्या जागी नसेभोवती व्रण धरलेला असू शकतो. तेव्हा आधी हे बघून घ्या. कॅम्पच्या हॉलमध्ये पाच मिनिटांत हे होत नाही.

उघडा_डोळे
व्रण आहे की मणक्यांमधली गादी (डिस्क) परत बाहेर आलीय, हे एमआरआयमध्ये कळतं ना?

फिजिओ_मिरज
शिरेतून गॅडोलिनियम (स्कॅन स्पष्ट दिसायला देतात ते औषध) देऊन केलेल्या एमआरआयमध्ये बऱ्यापैकी. व्रणाची जागा उजळते, गादीचा तुकडा मधून काळाच राहतो. पण अण्णांची पायातली कळ गेलीय, त्यामुळे मी लगेच तिकडे धावणार नाही. किडनीचा रिपोर्ट आधी बघावा लागतो, मधुमेह आहे त्यांना.

पोवई_नाका
म्याडम, पर तुमी फिजिओवाल्याबी हातानंच दाबताय की. मग तुमचं चांगलं आन् त्यांचं वाईट, हे कसं?

फिजिओ_मिरज
रास्त प्रश्न, दादा. मीही हातानं काम करते, हलकं हलकं सांधा हलवून. काही फिजिओ झटकाही देतात. कोण करतंय याच्यापेक्षा काय तपासून करतंय हे मी बघते. फरक एवढाच की महाराष्ट्रात आमची राज्य परिषद आहे, नोंदणी क्रमांक असतो. माझ्या हातून काही झालं तर तक्रार कुठं करायची ते तुम्हाला माहीत असतं. कायरोप्रॅक्टिकसाठी आपल्याकडे अशी कायद्यानं बनलेली परिषद नाही. चार वर्षं परदेशात शिकलेला आणि आठवड्याच्या शिबिरात शिकलेला, दोघंही इथं एकच पाटी लावू शकतात. वाळवेकरांना पहिला भेटला हे त्यांचं नशीब.

कृष्णाकाठची
मध्येच घुसते. माझ्या आईला मानेचा त्रास आहे. त्या रील्समध्ये मानेला पट्टा अडकवून ओढतात, ते कितपत सुरक्षित? (धागा कंबरेचा आहे, माहीत आहे, सॉरी.)

फिजिओ_मिरज
नको. मानेच्या झटक्यानं मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. क्वचित, पण आहेत. वेगळा धागा काढा, तिथं लिहिते.

विश्रामबाग_सांगली
सगळ्यांचे आभार. इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

कॅम्पवाल्या नंबरवर मी स्वतः फोन केला. विचारलं, स्क्रू आहेत, रिपोर्ट कुठले आणू? पलीकडून उत्तर, "रिपोर्टची गरज नाही मॅडम, सर हाताला लागलं की ओळखतात." मग विचारलं, स्क्रू असलेल्या जागी झटका देणार का? तर म्हणे, "स्क्रूमुळेच तर ब्लॉकेज झालंय, ते आम्ही उघडतो." फोन ठेवला. नवऱ्याला स्पीकरवरच ऐकवलं होतं, त्यामुळे घरातला वाद त्या मिनिटाला मिटला. अण्णा मात्र रुसलेत.

भडंग_विथ_चहा
"सर हाताला लागलं की ओळखतात"! ऑपरेशनच्या आधी एमआरआयचे पैसे उगाच घातले म्हणायचे.

फिजिओ_मिरज
अण्णांना रागावू नका. दोन वर्षं ज्याचं दुखणं "सवय करा" म्हणून वाटेला लावलं, त्याला कुणीतरी "मी बरं करतो" म्हणतंय, तिकडे माणूस ओढला जाणारच. निम्मी गर्दी तिथं त्यामुळेच होते.

आणि एक. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलताना लोंबायला लागलं, तर ना कायरो, ना मी. थेट इमर्जन्सीला, त्याच तासाला. ताप येऊन कंबर दुखली किंवा रात्री पडल्यापडल्या दुखणं वाढत चाललं तरी थांबू नका, अंगात धातू आहे आणि साखर आहे, जंतुसंसर्गाची भीती असते.

विश्रामबाग_सांगली
अपडेट द्यायला उशीर झाला, घरात लग्नाची गडबड होती.

दुसऱ्या सर्जनचं मत घेतलं, मिरजेतच. वाकून काढलेले एक्स-रे झाले, सीटीही झालं. हाड जुळलंय, स्क्रू पक्के आहेत. डेक्सामध्ये घनता कमी निघाली, पण उणे २.५ च्या वरच आहे, गोळ्या चालू केल्यात. मग त्यांनी अण्णांना टेबलावर आडवं करून पाय वेगवेगळे दाबून, मुडपून बघितले. तीन-चार प्रकारात अण्णा ओरडले आणि प्रत्येक वेळी बोट त्याच खळीवर. सर्जन म्हणाले, सांध्यात सुई घालून बघू. सी-आर्मखाली (चालू एक्स-रे दाखवणारं यंत्र) भूल आणि स्टेरॉइड दिलं. अण्णा टेबलावरून उतरले आणि वॉर्डातल्या स्टुलावर बसून चक्क नर्सशी उसाच्या दराच्या गप्पा मारायला लागले. सर्जनना तेच हवं होतं. म्हणाले, भुलीनं तासाभरात एवढा फरक पडतोय म्हणजे दुखणं इथलंच आहे.

फिजिओताई, तुम्ही म्हणाला होता तेच निघालं. इंजेक्शननंतर साखर मात्र काही दिवस चांगलीच चढली, कुणाच्या घरी मधुमेही असेल तर आधी विचारून घ्या, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आता व्यायाम चालू आहेत. उताणं झोपून कंबर उचलायची, कुशीवर झोपून गुडघा उघडायचा, असे. पट्टा टप्प्याटप्प्यानं सोडवला. गाडीला किक मारणं बंद, बटन स्टार्टच. मांडी घालून बसणं सध्या बंद, पूजेला पाटाऐवजी स्टूल. प्रीगाबॅलिन डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी केली, एकदम तोडायची नसते म्हणे. सकाळी आमराईत फेऱ्या मारतात, तिथं त्यांचं मित्रमंडळ आहे, त्यामुळे व्यायामापेक्षा चर्चा जास्त होते. दुखणं पूर्ण गेलंय असं नाही. पावसाळी हवेत परत बोट त्या खळीवर जातं. पण परवा लग्नाच्या याद्या करायला बसले तर याद्या संपेपर्यंत उठले नाहीत.

वाळवेकर_पुण्यात
वाचून बरं वाटलं. एक विचारू? आता निदान पक्कं झालंय, तर नीट शिकलेल्या कायरोप्रॅक्टरकडून त्या सांध्यावर सौम्य काम करून घ्यायला काय हरकत आहे?

फिजिओ_मिरज
माझी तत्त्वतः हरकत नाही. सर्जनला माहीत असावं, फ्यूजनच्या जागी हात जाऊ नये, झटका नको, आणि थोड्या भेटींत फरक पडला नाही तर थांबायचं आधीच ठरलेलं असावं. पण आत्ता व्यायामानं प्रगती होतेय ना? मग एका वेळी एकच. दोन्ही एकदम केलं की कशानं बरं वाटलं ते कुणालाच कळत नाही, आणि कशानं बिघडलं तेही.

उघडा_डोळे
यावर वाळवेकर आणि मी दोघंही गप्प बसू शकतो, हे या धाग्याचं यश म्हणावं लागेल.

पोवई_नाका
ताई, लगीन कुठं हाय? साताऱ्यात आसंल तर आण्णास्नी भेटायला यीन म्हणतो. हाडवैद्याला घिऊन येत न्हाई, काळजी नसावी.

विश्रामबाग_सांगली
साताऱ्यातच आहे, पुतणीचं! आणि तीच आता चिंता आहे. सांगली ते सातारा एवढा वेळ गाडीत बसणं अण्णांना झेपेल का? नवरा म्हणतोय भाड्याची कार करू, दीर म्हणतात एसटी.

भडंग_विथ_चहा
पेठ नाक्यावरून हायवेला लागलात की पुढं सहापदरीकरणाची कामं आणि डायव्हर्जन. कार असो की एसटी, दणके बसणारच. कोयना एक्सप्रेसनं जा. सांगलीला थांबते, साताऱ्यालाही थांबते, आणि डब्यात मनात येईल तेव्हा उठून येरझाऱ्या घालता येतात.

पोवई_नाका
रेल्वेनंच या. फकस्त स्टेशन गावात न्हाई, माहुलीला हाय, तिथनं गाव लांब पडतंय. गाडी कुठली ते सांगा, मी माझी घिऊन स्टेशनावर थांबतो. पुढची सीट मागं सरकवून ठिवतो.